मागून गाडी येते तेव्हा तुम्ही रस्त्यावर नेमके कुठे असता?

घाटवाट
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्याभरात आमच्या ग्रुपमधल्या दोघांना गाडीने उडवलं. एकाचं कॉलरबोन मोडलं, दुसरीचं खरचटण्यावर निभावलं. दोन्ही वेळा गाडी मागून आली, दोन्ही वेळा लख्ख उजेड होता, आणि दोन्ही ड्रायव्हरांचं म्हणणं एकच: "दिसलाच नाही हो."

त्यावरून ग्रुपवर जो वाद पेटलाय तो इथे आणतोय, कारण इथे रोज कामावर सायकलने जाणारेही आहेत आणि लांब पल्ल्याच्या राइड करणारेही. तुम्ही रस्त्यावर नेमकी कुठून चालवता? अर्धे लोक म्हणतात, डांबराच्या डाव्या कडेला चिकटून राहायचं आणि गाड्यांना वाट द्यायची. माझं मत उलट आहे. कडेला जितके सरकाल तितका मागचा घासून जातो, कारण त्याला स्टिअरिंग वळवायची गरजच पडत नाही. शिवाय खचलेली साइडपट्टी, ड्रेनेजची झाकणं, वाळू, काचा, सगळं कडेलाच. त्यातलं काही चुकवायला अचानक उजवीकडे आलात की संपलं. मीटरभर आत राहिलं की मागच्याला ओव्हरटेक करायचं की थांबायचं हे ठरवावं लागतं, आणि वेळ आलीच तर आपल्याला डावीकडे पळायला जागा उरते.

तुमच्यावर बेतलेले प्रसंग लिहा. कुठे होतात, गाडीने काय केलं, नंतर तुम्ही चालवण्यात काय बदललंत. हेल्मेटचा वाद कृपया इथे नको, त्याचे धागे आधीच पुष्कळ आहेत.

रविवारसकाळ
बापरे. दोघांनाही लवकर बरं वाटो. कॉलरबोनला घाई करू नका म्हणावं, डॉक्टर सांगतील तेव्हाच हँडल धरा.

मीटरभर आत, +१.

अप्पा_सातपूर
माझा विरोध. नोकरीची सगळी वर्षं मी नाशिकच्या एमआयडीसीत सायकलने गेलो, आता निवृत्त आहे, भाजी आणायला अजून सायकलच. लेन धरा हे सांगणं ज्याची सायकल हलकी आहे, मागे लाल दिवा लुकलुकतोय आणि जो ताशी पंचवीसने जातो त्याला ठीक. साधी काळी सायकल, कॅरिअरला डबा, वेग बारा-तेरा, सुटलेली तिसरी शिफ्ट, अंगात झोप. असा माणूस कंपनीच्या बसपुढे मीटरभर आत चालवायला लागला तर बस हॉर्न देऊन देऊन त्याला खालीच पाडेल. आमच्या खात्यातल्या एका मुलाला टेम्पोने मागून ठोकलं तेव्हा तो कडेला नव्हता, खड्डा चुकवून आत आला होता. पाय गेला त्याचा.

रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांत आमच्यासारखे जास्त, रविवारचे कमी. वॉचमन, दूधवाले, बिगारी. त्यांच्या हिशोबाने सांगा.

घाटवाट
अप्पा, तुमच्या सहकाऱ्याचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंत, तो आधी कडेला होता आणि खड्ड्यामुळे अचानक आत आला. माझं म्हणणं तेच आहे. तो आधीपासून आत असता तर टेम्पोवाल्याला लांबूनच दिसला असता.

अप्पा_सातपूर
दिसणं आणि थांबणं यात फरक आहे. तो टेम्पोवाला थांबणाऱ्यातला नव्हता.

सई_पॅडल
मला मागून नाही, बाजूने बसली. पुण्यात टिळक रोडवर, दुपारी. डावीकडे गाड्या लावलेल्या, मी त्यांच्या कडेकडेने चाललेले. एका गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडलं. ब्रेकपर्यंत बोटं पोचायच्या आत हँडल दाराला अडकलं आणि मी उजवीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्यात फेकली गेले. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून आज लिहितेय. त्या काकांनीच मला उचलून कडेला बसवलं, पाणी आणलं. दार उघडणारे गृहस्थ आधी दाराला पोचा आलाय का ते बघत होते.

कडेला चिकटून चालवणाऱ्यांनी एवढं बघा, की आपल्याकडे गाडी डावीकडे लागते आणि चालकाचं दार उजवीकडे, थेट आपल्या वाटेत उघडतं. पूर्ण उघडलेलं दार जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. म्हणून लावलेल्या गाड्यांपासून एक अख्खं दार आणि वर हँडलची रुंदी सोडूनच जायचं, मागून कितीही हॉर्न वाजोत. मी आता प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून बघते, ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय का. ब्रेकलाइट नुकताच विझला असेल, बाजूचा आरसा मिटत असेल, तर दार उघडणारच असं समजायचं. कॅब असेल तर मागच्या उजव्या दारावरही लक्ष. उतरणाऱ्याचं सगळं लक्ष फोनवरच्या पैशांत असतं.

खादाडखाऊ
सई, वाचूनच अंगावर काटा आला. रिक्षावाल्या काकांना माझ्याकडून एक कटिंग.

डेल्फ्टहून
सईताईंच्या प्रसंगावरून लिहितो. इथे नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हाताने उघडावं असं शिकवतात. इथे चालक डावीकडे बसतो म्हणून उजव्या हाताने. भारतात तेच डाव्या हाताने करायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की धड आपोआप वळतं, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. काही खर्च नाही, घरातल्या गाडीवाल्यांना आजच शिकवा.

आणि हॉलंड पहिल्यापासून असं नव्हतं हे सांगायलाच हवं. १९७१ मध्ये या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांची हत्या थांबवा ही त्यांची घोषणा होती. पुढे तेलाचा भडका उडाला, त्याचाही हातभार लागला. आजचे लाल डांबराचे स्वतंत्र मार्ग आणि चौकांची रचना हे सगळं त्यानंतरचं. कायदाही तसाच आहे. मोटारीची सायकलस्वाराला धडक बसली तर भरपाईपुरती जबाबदारी मुळात मोटारवाल्याची, अगदी अटळ कारण दाखवता आलं तरच सुटका. सायकलवर १४ वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई. मोठ्या माणसाची चूक निघाली तरी निम्मी भरपाई सहसा मिळतेच.

असं असूनही मला इथे सगळ्यात जास्त भीती वाटते ती उजवीकडे वळणाऱ्या ट्रकची. आपल्याकडे तोच ट्रक डावीकडे वळताना मारतो. त्याच्या केबिनच्या बाजूला असा कोपरा असतो जिथे पूर्ण माणूस आरशात दिसत नाही. सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असेल तर तिच्या डावीकडून पुढे घुसू नका. मागे थांबा, नाहीतर ड्रायव्हर डोळ्यांनी दिसेल इतके पुढे जा.

चारचाकीवाला
दुसरी बाजूही ऐका. मी रोज हिंजवडीला गाडी नेतो. संध्याकाळी साडेसातनंतर दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, गडद शर्ट, अशा सायकली अंधारातून एकदम समोर येतात. काही तर उलट्या दिशेने. समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांत असताना त्या खरंच दिसत नाहीत. आणि रविवारी पहाटे हायवेवर तिघं तिघं शेजारी गप्पा मारत जाणारे ग्रुप. त्यांना हॉर्न दिला की हात वर करून शिव्या. रस्ता सगळ्यांचा आहे, मान्य. मग नियमही सगळ्यांचे.

घाटवाट
उलट्या दिशेने आणि बिनदिव्याच्या सायकलचं समर्थन मी करणार नाही. तिघं शेजारी, तेही नाही.

पण थोडं गणित करू. गाडी ताशी ८०, सायकल ताशी २०. दोघांतलं अंतर सेकंदाला साडेसोळा मीटरने कमी होतं. डिपरवर माणूस चाळीस मीटरवर दिसला तर हातात अडीच सेकंदही नाहीत, आणि त्यातला एक-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेला. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. अंधारात दिसत नसेल तर गाडीचा वेग दिसण्याइतका उतरवायचा, हाही नियमच आहे. तो पाळताना मला कोणी दिसत नाही.

चारचाकीवाला
गणित बरोबर आहे. पण गावाबाहेरच्या रस्त्यावर चाळीसने गाडी चालवा, मागचे ट्रक तुम्हाला जगू देणार नाहीत. म्हणून म्हणतो, दिवा लावा. मागे दिवा असलेली सायकल मला दोनशे मीटरवरून दिसते, आणि मी स्वतःहून लांबून जातो.

पंक्चर_पेठ
दिव्यावरून: ज्यांना परवडतं ते हल्ली रडारवाला टेललाइट घेतात. गार्मिनचा वारिया साधारण १४० मीटर मागची गाडी टिपतो आणि हँडलवरच्या स्क्रीनवर ठिपका पुढे सरकताना दिसतो. छान आहे, पण त्या पैशात अप्पांची अख्खी सायकल येईल.

स्वस्तात करायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात रिफ्लेक्टर टेप मिळते, ट्रकला लावतात ती. मागच्या मडगार्डवर, क्रँकवर आणि पायडलच्या मागच्या बाजूला लावा. पायडलवरची सगळ्यात महत्त्वाची. वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की ड्रायव्हरला क्षणात कळतं, पुढे माणूस पायडल मारतोय. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांना रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं, बाकीच्यांना कोण सांगणार? आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याला मीच टेप लावून दिली.

अप्पा_सातपूर
पंक्चर_पेठ, हे काम फार चांगलं केलंत. असं कंपन्यांच्या गेटवर कोणी करायला हवं.

पाम_बीच
नवी मुंबईकर. पहाटे रस्ता मोकळा, म्हणून सुरक्षित, हा समज सोडा. मोकळा म्हणजे वेगवान. त्या वेळेला रस्त्यावर जे ड्रायव्हर असतात त्यांतले बरेच रात्रभर जागलेले असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी पाम बीच रोडवर असेच गेले. पहाटे सहाच्या आत, सोबत सायकलवरचे मित्र, आणि मागून आलेली कॅब. अनुभवी सायकलस्वार होते. त्या बातमीनंतर आमच्याकडच्या अनेकांच्या घरच्यांनी सायकल बंद करायला लावली.

मी बंद केली नाही. पण आता उजाडल्याशिवाय निघत नाही, दिवसाही मागचा दिवा चालू ठेवते, आणि उड्डाणपुलाच्या चढावर फार जपते. पुलावर साइडपट्टी संपते आणि गाड्या वेग धरूनच येतात.

ताम्हिणीचा_पाऊस
सगळे मागच्या गाडीबद्दल बोलताहेत. मला विचाराल तर घाटात समोरची गाडी मारते. दोन पदरी रस्ता, समोरून एसटी येतेय, तिच्या मागचा एसयूव्हीवाला वळणाआधी ओव्हरटेकला बाहेर पडतो आणि थेट माझ्या लेनमध्ये. मी त्याला दिसलेलो असतो. समोरून ट्रक असता तर तो बाहेर पडलाच नसता, सायकल आहे म्हणजे लेन रिकामी आहे असं तो धरतो. हात हलवून, ओरडून काही होत नाही. एकदा सरळ गटारात उतरलो. गुडघा सुजला, पुढचं चाक वेडंवाकडं झालं, तो थांबलासुद्धा नाही.

म्हणून घाटवाट, तुमचं मीटरभर आत घाटाच्या उतारावर मला पटतं, चढावर नाही. उतारावर सायकल गाड्यांच्याच वेगाने जाते, तिथे कडेला राहिलात तर वळणावर ओव्हरटेक करणारा तुम्हाला कठड्यावर दाबतो. चढावर आठच्या वेगाने चाललोय, तिथे मी पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच बरा. आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार ताम्हिणीला जाऊच नका, मंगळवारी रजा टाका.

शिरोळरोड
आमच्याकडे लेन धरण्याच्या बाबतीत म्हशीचा हात कोणी धरू शकत नाही. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वेग ताशी तीन, आणि एसटीसुद्धा निमूट मागे थांबते. मी राइडला म्हशींचा कळप गाठून त्यांच्या मागे मागे जातो, त्याहून सुरक्षित जागा पंचगंगेच्या काठी नाही.

खादाडखाऊ
:)) शिरोळरोड, वेग मात्र कळपाचाच ठेवावा लागत असेल.

निळी_सायकल
थोडं वेगळं लिहिते, कारण इथे कोणी लिहिलं नाही. माझे बरेचसे प्रसंग चुकून झालेले नव्हते. गाडी मुद्दाम शेजारी येऊन वेग कमी करते, काच खाली होते, आतून काहीबाही बोललं जातं, आणि मी बघत नाही म्हटल्यावर अंगावर घातल्यासारखी वळवून पुढे निघून जातात. एकदा खिडकीतून हात बाहेर काढून पाठीवर मारलं. त्या वेळी ताशी पंचवीसचा वेग होता. मी पडले असते तर कागदावर अपघातच लिहिला गेला असता.

अशा वेळी मी कडेला नसते, रस्त्यावर माणसं असतील तिथे थांबते, पंपावर किंवा चहाच्या टपरीवर, आणि नंबर मोठ्याने वाचते. हँडलवर कॅमेरा लावलाय, तो दिसेल असा. तो दिसल्यापासून काचा खाली होणं कमी झालंय. पण एकटी लांब जात नाही आता, आणि याचा मला राग येतो.

सई_पॅडल
निळी, हे लिहिलंस ते बरं केलंस. कोथरूड परिसरात असशील तर कळव, आम्ही चौघी-पाचजणी सकाळी एकत्र निघतो.

नियमपुस्तक
वकिली करतो, अशी प्रकरणं हाताळतो. धडक झाल्यावर काय करायचं याबद्दल इथे कोणी बोललं नाही, म्हणून थोडं लांबण.

काहीही जागेवरून हलवलं जाण्याआधी गाडीचा नंबर, गाडी आणि सायकल जिथे पडलीय त्या जागेचे फोटो. स्वतःला जमत नसेल तर बघ्यांपैकी एकाला सांगा. १०८ला रुग्णवाहिका, ११२ला पोलीस. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला मदत मिळवून देणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, आणि कागदपत्रांची वाट न पाहता उपचार करणं हे डॉक्टरचं. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्यामुळे बघ्यांनी पोलिसांच्या भीतीने मागे राहू नये. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे, ठरलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता.

जागेवर पाच-दहा हजार घेऊन मिटवू नका, हे अगदी मनापासून सांगतो. त्या क्षणी अंगात कढ असतो, दुखत नाही. फ्रॅक्चर संध्याकाळी कळतं, डोक्याचा मार कधी कधी दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन अपघात झाल्याची नोंद करून घ्या. फिर्याद द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, बेदरकार चालवण्याला कलम २८१, त्यातून इजा झाली तर कलम १२५. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत. तुम्ही राहता तिथेही तो दाखल करता येतो. पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जात नाहीत, गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून येतात, आणि तो विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. सायकलला विमा नाही, लायसन्स नाही म्हणून दावा करता येत नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे.

गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही, तरी कलम १६१ खाली गंभीर इजेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अप्पांनी लिहिलेल्या वॉचमन-बिगाऱ्यांच्या घरी हे कोणी जाऊन सांगत नाही.

ताम्हिणीचा_पाऊस
वकीलसाहेब, सगळं मान्य, पण मला ठोकणारा पिकअपवाला (दुसरा प्रसंग) हातापाया पडत होता. गाडी मालकाची, तक्रार झाली तर नोकरी जाईल म्हणत होता. अशा वेळी फिर्याद द्यायला मन धजत नाही.

नियमपुस्तक
ती भावना मी रोज बघतो आणि तिचा आदर आहे. पण फिर्याद नसेल तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. तुमचं ऑपरेशन झालं असतं तर खर्च कोणी केला असता? त्या ड्रायव्हरकडे तर पैसे नव्हतेच.

कोजागिरी७
मी पडल्याला वर्ष होईल. हाडं जुळली. अजून मागून मोठी गाडी आली की हात कापतात आणि मी उतरून उभी राहते. कोणाचं असं झालंय का? यातून बाहेर कसं आलात?

पाम_बीच
झालंय. मी आधी गाड्या नसलेल्या जागी गेले, पार्क, कॉलनीतले आतले रस्ते. मग सकाळी कुणाला तरी मागे ठेवून मोठा रस्ता, तो मागून ओरडून सांगायचा "कार येतेय, लांब आहे". हळूहळू कान परत शिकले. उतरून उभं राहावंसं वाटलं तर उभी राहा, कोणाला काही सिद्ध करायचं नाहीये. भीती हटत नसेल तर समुपदेशकाकडे जा, मलाही उपयोग झाला.

अप्पा_सातपूर
सगळं वाचलं. घाटवाटच्या मूळ प्रश्नाकडे येतो. लावलेल्या गाड्यांशेजारून जाताना, चौकात शिरताना आणि अरुंद पुलावर आत राहायचं, हे मला पटलं. सईताईंचं दार वाचून तर नक्कीच. पण रुंद साइडपट्टीचा सरळ हायवे आणि मंद सायकल असेल तर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडेच, यावरून मी हलणार नाही.

घाटवाट
अप्पा, साइडपट्टी स्वच्छ आणि सलग असेल तर मीही तिथेच असतो. आपलं भांडण उरतं ते साइडपट्टी नसलेल्या दोन पदरी रस्त्याचं, आणि आपल्याकडे बहुतेक रस्ते तेच आहेत. तिथे मी आतच राहणार. मात्र आत यायचं ते चारशे मीटर आधी, मागे वळून बघून, हात दाखवून. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर सोडायचा नियम आहे. आपल्याकडे ते अंतर आपल्यालाच आपल्या जागेने मिळवावं लागतं.

चारचाकीवाला
हात दाखवून आत या, मी नक्की थांबेन. इतकंच हवं असतं आम्हाला, पुढचा काय करणार ते आधी कळणं.

कोजागिरी७
पाम_बीच, मनापासून आभार. मागे वळून बघायला अजून तोल जातो, म्हणून आरसा घ्यायचा विचार आहे. हँडलचा की हेल्मेटचा?

पंक्चर_पेठ
हँडलच्या टोकाला बसणारा घ्या, उजवीकडचा, थोडा बहिर्गोल. हेल्मेटचा सवय होईपर्यंत डोळ्यांना त्रास देतो. आणि आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, तेवढं ध्यानात ठेवा. पुण्यात असाल तर घेऊन या, बसवून देतो.